ओईटी लिसनिंग: तीन पर्यायांतून एक निवडताना

मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. २०२३ मध्ये मी ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट दिली. आमच्याकडच्या काही मुली आता फॉर्म भरायच्या तयारीत आहेत, आणि फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: लिसनिंगचं काय करायचं? प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं क्रमानं लिहून ठेवते. रायटिंग-स्पीकिंगबद्दल इथे फार काही नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती लिसनिंगमधल्या पर्यायी प्रश्नांची, म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहिते.

आधी ही परीक्षा का, ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या एनएमसीकडे, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते. त्यासाठी इंग्रजीचा पुरावा म्हणून आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा किंवा ओईटी चालते. ओईटीत लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५० हवेत. रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३०० चालतात. मी ओईटी निवडली, कारण त्यातलं सगळं बोलणं दवाखान्यातलंच असतं. पेशंट, वॉर्ड, औषधं, ओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं). आयईएलटीएसमध्ये ग्रंथालयापासून शेतीपर्यंत काहीही येऊ शकतं. विषय ओळखीचा असला की अर्धी भीती जाते, हे माझ्या बाबतीत तरी खरं ठरलं.

जानेवारीत ठरवलं आणि फेब्रुवारीत ओईटीच्या संकेतस्थळावरचा एक मोफत नमुना पेपर घरी बसून सोडवला. लिसनिंगचे तीन भाग असतात, मिळून ४२ प्रश्न, आणि प्रत्येक ऑडिओ एकदाच ऐकवतात. पार्ट ए मध्ये पेशंट आणि डॉक्टर-नर्स यांचे दोन संवाद ऐकून नोट्समधल्या २४ गाळलेल्या जागा भरायच्या. पार्ट बी मध्ये साधारण मिनिटभराचे सहा छोटे तुकडे, प्रत्येकावर एक प्रश्न. पार्ट सी मध्ये पाचेक मिनिटांच्या दोन मुलाखती किंवा व्याख्यानं, प्रत्येकावर सहा प्रश्न. बी आणि सी मिळून १८ प्रश्न पर्यायी, प्रत्येकाला ए, बी, सी असे तीन पर्याय.

त्या पहिल्या पेपरात पार्ट ए मध्ये मला २४ पैकी १९ मिळाले. बी मध्ये सहापैकी तीन आणि सी मध्ये बारापैकी पाच. एकूण २७. बी ग्रेडसाठी साधारण ३० बरोबर यावे लागतात असा अंदाज धरतात. फरक तीन गुणांचाच दिसत होता, पण मला त्याहून वेगळीच गोष्ट खटकली. सी मधलं बोलणं मला जवळजवळ सगळं कळलं होतं. शब्द ओळखीचे, विषय ओळखीचा, तरी सात उत्तरं चुकलेली. कानाला ऐकू येतंय आणि पर्याय मात्र चुकतोय, हे का होतंय हेच समजत नव्हतं. दोन दिवस डोकं त्याच विचारात होतं.

मार्चमध्ये एक ऑनलाइन बॅच लावली, १२,००० रुपये. स्पीकिंग आणि रायटिंगसाठी तिचा फायदा झाला. लिसनिंगला मात्र तिथे एकच मंत्र होता: प्रश्नातले कीवर्ड अधोरेखित करा आणि ऑडिओत ते शब्द कधी येतात त्याची वाट बघा. पार्ट ए साठी हे ठीक आहे, कारण तिथे नेमका शब्दच लिहायचा असतो. बी आणि सी मध्ये मात्र हा सल्ला सरळ खड्ड्यात नेतो, असं माझं ठाम मत आहे. पेपर काढणाऱ्यांना माहीत असतं की घाबरलेला माणूस ऐकलेला शब्द उचलतो. त्यामुळे चुकीच्या पर्यायात ऑडिओतलाच शब्द जसाच्या तसा ठेवलेला असतो, आणि बरोबर उत्तर वेगळ्या शब्दांत असतं. शब्दांची वाट बघत बसलं की बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते निसटतं.

खऱ्या पेपरातला मजकूर बाहेर सांगायचा नसतो, म्हणून खालची उदाहरणं मी स्वतः रचलेली आहेत आणि मराठीत सांगते. घाट तोच आहे.

समजा पार्ट बी मध्ये एक नर्स दुसरीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटची ओव्हर देतेय. प्रश्न: ती सहकारी नर्सला काय करायला सांगतेय? ए, वेदनेच्या औषधाचा डोस बदलून घ्यायला. बी, नातेवाइकांशी बोलायला. सी, जखमेकडे पुन्हा बघायला. ऑडिओत ती म्हणते, 'सकाळी खूप दुखत होतं त्यांना, पण सरांनी राउंडला डोस वाढवलाय, आता बरं आहे. मुलीचा फोन आला होता, तिला भेटायच्या वेळा सांगून झाल्यात. ड्रेसिंग कोरडंच होतं, फक्त फिजिओ करून आल्यावर थोडं ओलसर वाटलं, तेवढं ध्यानात ठेव.' तिन्ही गोष्टी आल्या. औषध, मुलगी, ड्रेसिंग. कीवर्ड शोधणारीला तीनही पर्याय बरोबर वाटतील. पण दोन कामं होऊन गेलीत, एकच उरलंय. प्रश्न 'काय करायला सांगतेय' असा आहे, त्यामुळे उत्तर सी. 'जखम' हा शब्द तर तिच्या तोंडी आलेलाही नाही.

हे उमगलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, कारण ड्युटीवर आपण रोज हेच करतो. सकाळची सिस्टर ओव्हर देताना दहा गोष्टी सांगते, त्यातलं झालेलं किती आणि माझ्या अंगावर येणारं किती, हे आपण ऐकता ऐकताच वेगळं करतो. तिचा एकेक शब्द कुणी लक्षात ठेवत नाही. तेच कान इंग्रजीला लावायचे होते.

एप्रिल ते जुलै मी एक वही ठेवली. या सगळ्या प्रवासात मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट तीच. नमुना पेपरांबरोबर उत्तरं आणि ऑडिओत बोललेलं सगळं लिहिलेलं मिळतं. पद्धत अशी: आधी पेपर परीक्षेसारखाच सोडवायचा, मध्ये थांबायचं नाही. मग उत्तरं तपासायची, पण लिहिलेला संवाद लगेच उघडायचा नाही. चुकलेला तुकडा पुन्हा ऐकायचा आणि आता उत्तर बदलावंसं वाटतंय का ते बघायचं. त्यानंतरच संवाद वाचायचा आणि ज्या एका वाक्यावर उत्तर ठरतं त्याखाली रेघ मारायची. शेवटी वहीत लिहायचं: बरोबर पर्याय का बरोबर, आणि उरलेले दोन कशामुळे बाद. हा शेवटचा भाग बहुतेक जणी टाळतात. एका पेपरातल्या अठरा प्रश्नांना दोन-अडीच तास जातात, कंटाळा येतो, मान्य आहे. पण एकामागून एक दहा पेपर सोडवून गुण मोजत बसण्यापेक्षा एक पेपर असा पिंजून काढलेला बरा.

काही आठवड्यांनी वहीत चुकांचे गट दिसायला लागले. ऐकलेला शब्द उचललाय, असे काही. दुसऱ्या कुणाचं मत बोलणाऱ्याच्या नावावर घातलंय, असे काही. मुलाखतीत पाहुणा बऱ्याचदा म्हणतो की 'अनेकांना असं वाटतं' आणि पुढच्या वाक्यात ते खोडतो. आधी होतं आणि आता आहे यांची गल्लत, असे काही. माझे सर्वात जास्त गुण मात्र अर्ध्या बरोबर पर्यायांनी खाल्ले होते. म्हणजे पर्यायाचा पहिला भाग ऑडिओशी तंतोतंत जुळतो आणि दुसरा भाग किंचित पुढे जातो. डॉक्टर म्हणतात, 'काही वयस्कर पेशंटना या गोळीनं चक्कर येते,' आणि पर्याय म्हणतो, वयस्करांना ही गोळी देऊ नये. चक्कर, वयस्कर, गोळी, सगळं जुळलं. देऊ नये असं डॉक्टर कुठे म्हणाले? तिथून पुढे मी पर्याय शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची सवय लावली. सगळे, फक्त, नेहमी, कधीच नाही, अशा अर्थाचे शब्द पर्यायात दिसले की तिथे टिंब द्यायचं. असे शब्द असलेला पर्याय दर वेळी चूक असतो असं नाही, पण बोलणारा खरंच एवढं ठामपणे म्हणाला का, हे तपासल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मुली विचारतात, इतक्या कमी वेळात तीन-तीन पर्याय वाचायचे कसे? पार्ट बी मध्ये ऑडिओआधी प्रश्न वाचायला मोजके सेकंद मिळतात. त्यात मी आधी वरची ओळ वाचायचे, जी कोण कुणाशी बोलतंय ते सांगते. ही ओळ सोडून थेट पर्यायांवर उडी मारायची नाही, कारण तिच्यात निम्मं चित्र असतं: फार्मासिस्ट शिकाऊ मुलीला समजावतोय, की वॉर्डची मॅनेजर सगळ्या स्टाफला नवीन नियम सांगतेय. मग प्रश्न. आणि मग प्रत्येक पर्याय मनात मराठीत दोन-तीन शब्दांवर आणायचा: 'डोस बदल', 'घरचे', 'जखम बघ'. पर्याय लांबलचक इंग्रजी वाक्यात असला तरी त्याचा गाभा एवढाच असतो. इंग्रजी परीक्षेत इंग्रजीतच विचार करा, असं बॅचमध्ये सांगायचे. मला ते जमलं नाही आणि त्याची गरजही वाटली नाही. मराठीत गाभा धरला की ऐकताना इंग्रजी शब्द कुठलेही येवोत, अर्थ बरोबर सापडायचा.

प्रश्न नेमकं काय विचारतोय याकडेही लक्ष हवं. बोलण्याचा हेतू विचारलाय की पुढचं काम, अडचण विचारलीय की तिचं कारण. दोन नर्स बोलत असल्या तर 'दोघींचं कशावर एकमत होतं' असाही प्रश्न येतो, आणि तिथे एकीनं सुचवलेलं दुसरीनं उचलून धरलं की नुसतं ऐकून घेतलं हे बघावं लागतं. गोरे लोक तोंडावर 'नाही' फारसं म्हणत नाहीत. 'आय वुडन्ट गो दॅट फार' असं हळुवार काहीतरी म्हणतात आणि ते असहमत असतात. हा सूर कळायला मला वेळ लागला. त्यासाठी नाइटहून येताना आणि ड्युटीला जाताना बसमध्ये बीबीसी रेडिओ ४ चा 'इनसाइड हेल्थ' आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचा 'हेल्थ रिपोर्ट' ऐकायला लागले. दोन्ही फुकट मिळतात. सुरुवातीला डोक्यावरून जायचं. मग मी एक ठरवलं: दर दोन मिनिटांनी थांबवायचं आणि एका मराठी वाक्यात सांगायचं की हा माणूस आत्ता काय म्हणाला. आयसीयूतली माझी मैत्रीण कधीकधी बरोबर असायची. ती तिचं वाक्य सांगायची, मी माझं, आणि दोन्ही वेगळी निघाली की मागे जाऊन पुन्हा ऐकायचो. तिला अजून परीक्षा द्यायची आहे, पण बोलण्याचा रोख पकडण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज आहे.

पार्ट सी चं तंत्र वेगळं. तिथे सहा प्रश्न वाचायला ९० सेकंद मिळतात. सहा प्रश्न आणि अठरा पर्याय एवढ्यात नीट वाचून होत नाहीत, आणि वाचले तरी डोक्यात राहत नाहीत. मी प्रश्नांच्या ओळीच नीट वाचायचे. प्रत्येकात एक खूण करायची: हा प्रश्न कशाबद्दल आहे. पर्यायांवर नुसती नजर. यामुळे पुढच्या पाच मिनिटांचा नकाशा हाताशी येतो, कारण प्रश्न ऑडिओच्या क्रमानंच असतात. मुलाखत असेल तर फार सोपं, मुलाखतकारानं नवीन प्रश्न विचारला की बहुतेक वेळा आपणही पुढच्या प्रश्नावर जायचं असतं. व्याख्यानात ही घंटा नसते. तिथे वक्ता 'आता खर्चाकडे येऊ', 'आम्हाला अनपेक्षित काय वाटलं तर' असं काही म्हणतो, त्यावर कान ठेवायचा.

सी चंही एक उदाहरण देते. वृद्धाश्रमात पेशंट पडू नयेत म्हणून बिछान्याला अलार्म लावले, त्यावर एक डॉक्टर बोलताहेत. प्रश्न: त्यांना कशाचं आश्चर्य वाटलं? ए, कर्मचाऱ्यांची नाराजी. बी, योजनेचा खर्च. सी, तिथे राहणाऱ्यांची प्रतिक्रिया. डॉक्टर म्हणतात, 'स्टाफ कुरकुर करेल अशी माझी खात्री होती, पण त्यांनी लगेच मनावर घेतलं. पैसेही वाटले होते त्यापेक्षा कमी लागले. पण मी धरून चाललो नव्हतो ते एवढंच, की आजोबांना आवाज झाला की लाजल्यासारखं व्हायचं.' इथे घोळ असा की स्टाफ आणि पैसे या दोन्ही बाबतींत अंदाज चुकलाच आहे, मग आश्चर्य त्याचंही म्हणता येईल का? म्हणून पर्याय पुन्हा वाचायचे. ए मध्ये 'नाराजी' आहे, आणि नाराजी तर दिसलीच नाही. बी मध्ये खर्चाचं आश्चर्य वाटलं असं ते कुठेच म्हणत नाहीत, कमी लागला एवढंच. ठळकपणे 'धरून चाललो नव्हतो' हे आजोबांच्या बाबतीत आहे, म्हणून उत्तर सी. आधी दोन गोष्टी सांगून मग 'पण' येतं आणि त्या 'पण'नंतर उत्तर असतं, असं फार वेळा होतं. दर वेळी होतं असं मात्र समजू नका, नाहीतर 'पण' ऐकलं की पेन्सिल टेकवायची नवीन खोड लागेल.

एक प्रश्न हुकला तर सोडून द्यायचा, ही गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली. मन मागेच रेंगाळतं आणि तोवर पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं निघून जातात. शेवटी मी सरावातच नियम केला की हुकलेल्या प्रश्नाला नक्की न पटणारा एक पर्याय बाद करायचा, उरलेल्या दोनांतला एक भरायचा आणि डोळे खालच्या प्रश्नावर न्यायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काहीच ठेवायचं नाही.

ऑगस्टमध्ये सरावाचे गुण ३३-३४ च्या आसपास स्थिरावले, तेव्हा फॉर्म भरला. फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर. माझ्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेच्या ॲपवरून चालू करावे लागले, मर्यादाही वाढवावी लागली. बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून खात्यातून साडेबत्तीस हजारांच्या आसपास गेले. माझा महिन्याचा पगार आणि वर थोडं, एवढी ही रक्कम होती, त्यामुळे बटण दाबताना हात थरथरत होता. घरी आईला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, 'भर तू. अभ्यास दिसतोय मला.' तिच्या त्या एका वाक्यानं फार बळ आलं.

फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच घालायचं, कारण परीक्षेला ओळख पासपोर्टनं पटवतात. आपल्याकडे हे वाटतं तितकं साधं नसतं. लग्न झालेल्या बऱ्याच जणींच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं. ओईटीला पासपोर्टचं नाव चालतं, पण पुढे एनएमसीच्या अर्जात दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

परीक्षा ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी पुण्यात होती. आदल्या दिवशी मामेबहिणीकडे मुक्काम केला. त्या आठवड्यात नाइट लावू नका अशी विनंती इन्चार्ज सिस्टरांना महिनाभर आधी केली होती. हे नक्की करा, झोप मोडलेली असेल तर पार्ट सी मध्ये दहाव्या मिनिटाला कान ऐकणं सोडून देतो. शुक्रवारी नवीन काही सोडवलं नाही, वहीतले चुकांचे गट तेवढे एकदा वाचले.

मी पेपरवरची परीक्षा घेतली होती. संगणकावरचीही असते, पण हातात पेन्सिल असली की मला धीर येतो. सकाळी पासपोर्ट तपासला, मोबाइल आणि बॅगा बाहेर जमा झाल्या. लिसनिंग पहिलंच असतं. ऑडिओ सुरू व्हायच्या आधीची शांतता अंगावर येते. माझ्या शेजारच्या मुलीचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत होती. मी वॉर्डात व्हेन, म्हणजे शीर, शोधायच्या आधी घेते तसा एक मोठा श्वास घेतला.

पार्ट ए बऱ्यापैकी गेला, एक जागा हुकली. पार्ट बी मध्ये पहिल्या दोन तुकड्यांना छातीत धडधडत होतं, तिसऱ्यापासून कान लागला. एका ठिकाणी दोन पर्याय शेवटपर्यंत सारखेच वाटत होते. तिथे मी वहीतला प्रश्न स्वतःला विचारला: या दोघांतला कुठला पर्याय बोललेल्यापेक्षा जास्त सांगतोय? जो जास्त सांगत होता तो सोडला. पार्ट सी मध्ये दुसरा वक्ता भरभर बोलणारा होता आणि एक प्रश्न पूर्ण निसटला. ठरलेलं होतं तसं एक वर्तुळ भरलं आणि पुढे गेले. शेवटी उत्तरं तपासायला दोन मिनिटं देतात. त्या वेळात वर्तुळं नीट गडद झालीत ना, एका प्रश्नाला दोन तर भरली नाहीत ना, एवढंच बघितलं. आठवणीवर उत्तरं बदलत बसू नये, असं माझं मत. सरावात शेवटच्या घाईत बदललेली माझी बहुतेक उत्तरं आधीच बरोबर होती, वहीत ते स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग. संध्याकाळी बाहेर पडले तेव्हा काहीच सुचत नव्हतं. भूक लागलीय हेसुद्धा बहिणीनं विचारल्यावर कळलं.

निकालाला काही आठवडे लागतात. तो काळ वाईट जातो. टेलिग्रामवर उत्तरं जुळवणारे गट असतात आणि पैसे घेऊन निकाल 'लावून देतो' म्हणणारेही भेटतात. त्यांच्या नादी अजिबात लागू नका. एनएमसी तुमचा निकाल ओईटीच्या पोर्टलवर थेट पडताळते, कागद कितीही खरा दिसला तरी त्याला किंमत नसते. मी ते गट सोडले आणि ड्युट्या घेतल्या.

नोव्हेंबरमध्ये निकाल आला. लिसनिंगला ३७०, बी ग्रेड. रीडिंग आणि स्पीकिंगलाही बी, रायटिंगला सी प्लस. ड्युटीवरच होते, लॉकरपाशी उभी राहून बघितलं. मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेऊन आकडे मोठ्यानं वाचले तेव्हा पटलं. ज्यांना एखाद्या विषयात थोडक्यासाठी गुण कमी पडतात त्यांनी खचून जाऊ नका. दोन वेळच्या परीक्षांचे गुण काही अटींवर एकत्र धरायला एनएमसी परवानगी देते. त्या अटी त्यांच्या संकेतस्थळावर नीट वाचा, ऐकीव माहितीवर पुन्हा फी भरू नका.

ओईटीचा निकाल एनएमसीसाठी दोन वर्षं चालतो, म्हणून पुढचं लगेच हाती घ्या. पात्रता तपासणीच्या अर्जाला १४० पाउंड, मग सीबीटी या संगणकावरच्या परीक्षेला ८३ पाउंड, आणि इंग्लंडला गेल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा, हे माझ्या वेळचे आकडे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी जावी लागते, तिला वेळ लागतो, ओईटीच्या निकालाची वाट न बघता तिची चौकशी सुरू करा. नोकरी मिळवून देण्यासाठी एजंट तुमच्याकडे पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. तिकडच्या सरकारच्या भरतीच्या नियमांत उमेदवाराकडून असे पैसे घ्यायला मनाई आहे.

माझी वही सध्या मैत्रिणीकडे आहे. तिची परीक्षा झाली की आमच्या हॉस्पिटलमधल्या पुढच्या मुलीला मिळेल. पण खरं सांगायचं तर माझ्या चुका वाचून तुम्हाला फार उपयोग होणार नाही. एक नमुना पेपर घ्या, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उरलेले दोन पर्याय कशामुळे बाद होतात ते स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि तिसऱ्या पेपरापर्यंत तुमचे स्वतःचे गट दिसतात का बघा. अडलं तर मला विचारा, नाइट नसेल त्या दिवशी उत्तर देते.